हिरड्यांची पलटण

कवळीमास्तरांच्या कारखान्यात शिरलं की पहिला वास यायचा मेणाचा. त्याच्या मागोमाग प्लास्टरचा, आणि मग कवळीच्या गुलाबी पावडरीत कालवायच्या औषधाचा. तो असा उग्र की नवख्या माणसाच्या डोळ्यांना धार लागावी. कारखाना म्हणजे काय, तर दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागची एक लांबट खोली. एका अंगाला खिडक्या, खिडक्यांखाली लाकडी बाक आणि बाकावर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. प्लास्टरचे. कुणाचा अरुंद, कुणाचा ऐसपैस, कुणाचा एका बाजूनं खचलेला. मास्तरांना रस्त्यात कुणी हाक मारली तर चेहरा ओळखू यायचा नाही. पण त्या माणसानं हसायला तोंड उघडलं की लगेच म्हणायचे, "अरे, तुम्ही होय! डावीकडे टोचतंय का अजून?"

आता ती खोली राहिली नाही. आता म्हणे दातसुद्धा यंत्रच कातून देतं, मेण नको की साचा नको. मास्तरही थकले. पण दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, तेव्हा हात मांडीवर हळूहळू काहीतरी सरकवत असतात. बायकोला ठाऊक असतं, गडी कुठं पोचलाय ते. ती म्हणते, "गेले लढाईवर."

ही लढाई घरात आणली कप्तानानं. कप्तान म्हणजे मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त. जन्मभर जहाजावर होता, पण आचारी म्हणून. बटाटे सोलण्यात उमर गेली. तरी बंदराला पाठ करून घरी आला तेव्हा गल्लीनं त्याला कप्तान करून टाकलं, आणि त्यानंही ते पद नाकारलं नाही. त्यानं येताना सोबत एक डबा आणला. डब्यात कापसात गुंडाळलेले शिशाचे शिपाई, बोटाच्या पेराएवढे. कुणाच्या हातात भाला, कुणाकडे धनुष्य, एक घोडेस्वार. आणि डोक्यात एका खेळाचे नियम. जहाजावर कुणा गोऱ्या खलाशानं शिकवलेले. मोठ्या मेजावर डोंगर-नद्या मांडायच्या, दोन्हीकडे फौजा लावायच्या. शिंप्याच्या टेपनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि मारामारीचा निकाल फाशांवर लावायचा.

"एवढ्याशा शिपायांनी कसली लढाई होणार?" मास्तरांनी विचारलं.

"फौज वाढवायची तुझ्या हातात आहे," कप्तान म्हणाला. "लोकांचे जबडे छापतोस, मग एक शिपाई छापायला काय जड आहे?"

काहीच जड नव्हतं. मास्तरांनी शिशाच्या शिपायांचे प्लास्टरात साचे घेतले आणि उरल्यासुरल्या गुलाबी पावडरीचा लगदा त्यात दाबून, उकळून, शिपाई पाडायला सुरुवात केली. कवळीत हिरडीचा जो रंग असतो ना, तोच. गुलाबी शिपाई, गुलाबी घोडे, गुलाबी भाले. एकदा एक म्हातारे गृहस्थ आपली कवळी न्यायला मागच्या दारानं आले, तर बाकावर ही गुलाबी पलटण वाळत पडलेली. म्हातारा बिचकला. म्हणाला, "मास्तर, हे... हे सगळं माझ्या तोंडात बसवायचंय?"

मास्तरांच्या बायकोनं त्या फौजेचं नाव ठेवलं, हिरड्यांची पलटण. ते कायमचं चिकटलं. पुढे मास्तरांनी अर्धी फौज निळी रंगवली, म्हणजे कोण कुणाचा ते कळावं. उरलेली अर्धी रंगवायचा कंटाळा आला आणि ती जन्माची गुलाबीच राहिली. निळे मास्तरांचे. गुलाबी जो समोर बसेल त्याचे. मेज म्हणून न्हाणीघराचं जुनं दार दोन पिंपांवर आडवं टाकलं होतं. टाकाऊ प्लास्टरचे डोंगर, बाटल्या धुवायच्या ब्रशांची झाडं. दर रविवारी दुपारी कारखान्यात हा खेळ चालायचा, आणि निळे सहसा हरायचे नाहीत.

मास्तर जिंकायचे त्याचं कारण त्यांच्या धंद्यातच होतं. कवळी लावणाऱ्याला ओळ कळते. वरचा दात खालच्या दातावर कुठे टेकतो, कुठला अर्ध्या केसानं पुढे आलाय, हे त्यांना न बघता बोटाला कळायचं. ते फौज लावायचे ती कवळीसारखी. नदीच्या काठानं एकसंध निळी ओळ, शिपायाला शिपाई चिकटलेला, सुई शिरायला जागा नाही. समोरचा येऊन येऊन त्या ओळीवर डोकं फोडून घ्यायचा आणि थकायचा. कप्तान तर खेळता खेळता हताश होऊन म्हणायचा, "मास्तर, तू लढत नाहीस रे. तू चावतोस."

पण त्याच धंद्यानं त्यांना एक खोडही लावली होती. त्यांना फट खपायची नाही. फडताळातल्या कपांच्या ओळीतला एक कप धुवायला गेला तर उरलेले कप सरकवून जागा बुजवायचे. बायको तो कप परत आणायची, तर त्याला जागाच नसायची. दवाखान्याबाहेर बाकावर पेशंट बसले आणि मधला उठून गेला की मास्तर बाहेर येऊन म्हणायचे, "जरा सरकून घ्या." का, ते कुणाला कळायचं नाही. लोक सरकायचे बिचारे. डॉक्टरकडे आलेला माणूस सांगेल ते ऐकतो.

मास्तरांचा थोरला भाऊ त्यांच्यासोबत त्याच खोलीत काम करायचा. पॉलिशची मोटर त्याच्याकडे असायची. कवळी फिरत्या चाकावर धरून आरशासारखी करणं हा सगळा हाताचा खेळ, आणि त्याचा हात थरथरायला लागला. एके दिवशी तो घरी बसला तो बसलाच. खिडकीजवळची जागा रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिथं आपल्या लेकीला आणून बसवलं. लेक तेव्हा चित्रकला शिकत होती. "चार दिवस बस, तोवर बघतो कुणी मिळतं का," म्हणाले.

तिचा हात काय होता म्हणता! मेणात दातांच्या मागच्या हिरड्या कोरायची, तर त्यावरच्या बारीक सुरकुत्यासुद्धा जिवंत वाटायच्या. कोरायची छोटी सुरी सतत तिच्या हातात असायची, म्हणून कप्तान तिला सुरीबाई म्हणायचा. मास्तरांनी दुसरं कुणी शोधलं नाही. कशाला शोधतील? जागा भरली होती. त्या चार दिवसांची वर्षं झाली.

तर एकदा डॉक्टरकडे एक पाहुणे डॉक्टर आले. दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ते काम करायचे. भाजलेल्या, अपघात झालेल्या माणसांना कान, नाकं, डोळे करून द्यायचे. त्यांनी लेकीच्या हातचं मेण पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "आमच्याकडे येतेस का? असा हात आम्ही शोधतोय. पण पुढल्या सोमवारी मला सांगायला हवं."

लेकीनं बाबांना विचारलं. मास्तर म्हणाले, "बघू."

आता मास्तरांचं 'बघू' म्हणजे काय चीज होती ते त्यांच्या बायकोकडून ऐकावं. ती म्हणायची, "ह्यांचं 'बघू' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही." नाही म्हणाले असते तर लेक भांडली असती. भांडायला ती कुणाला भ्यायची नाही. हो म्हणाले असते तर पेटी भरली असती. पण 'बघू'शी भांडणार कसं? तिनं मंगळवारी विचारलं, 'बघू.' गुरुवारी विचारलं, तर मास्तर उठून मेण तापवायला गेले. विचारल्याशिवाय निघून जाणारी ती पोर नव्हती. आणि विचारून उत्तर मिळत नव्हतं.

रविवार उजाडला. कप्तान आला, बायकोनं चहा आणला, मास्तरांनी निळे शिपाई डब्यातून काढले. त्या दिवशी गुलाबी बाजूला बसायची पाळी लेकीची होती. लहानपणापासून ती खेळायची, पण बाबांपुढे जिंकलेली नव्हती.

शिपाई हातात घेता घेता ती म्हणाली, "बाबा, एक ठरवू या का?"

"काय?"

"आज मी जिंकले तर तुम्ही उत्तर द्यायचं. हो म्हणा, नाही म्हणा, माझी तक्रार नाही. पण 'बघू' म्हणायचं नाही."

मास्तरांनी एक निळा भालेवाला डोळ्यांजवळ धरला आणि त्याच्या टोपीवरची धूळ फुंकली. "आणि मी जिंकलो तर?"

"तर मी परत विचारणार नाही."

बायको कप उचलायला आली होती, ती उचलायची थांबली. कप्तान म्हणाला, "मास्तर, बोल. पोरगी मांडीवर हात मारून उभी आहे."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. मनात त्यांच्या आलं, सुटलो. कारण जिंकायचं कसं ते त्यांना ठाऊक होतं, आणि उत्तर काय द्यायचं ते ठाऊक नव्हतं.

जमीन मांडायचं काम कप्तानाचं. त्यानं मेजावर निळं फडकं आडवं टाकलं, ती नदी. मधोमध लाकडी पट्टीचा पूल. "नीट ऐका," तो म्हणाला. "मी 'बस' म्हणेन तेव्हा पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. मास्तरांच्या डाव्या हाताला नदी खोल आहे. हत्ती बुडेल इतकी. तिथून कुणीही पार होणार नाही, ना माणूस ना घोडा. उजव्या हाताला ह्या टेकडीखाली उतार आहे, गुडघाभर पाणी. पार व्हायचं तर पुलावरून, नाहीतर उतारावरून. कळलं?"

"कळलं," दोघं म्हणाले.

मास्तरांनी आपल्या काठानं ओळ लावली. डाव्या टोकापासून पुलाशी, पुलापासून उजवीकडच्या टेकडीपर्यंत. टेकडीवर चांगले दणकट भालेवाले ठेवले, उताराकडे तोंड करून. मागे सरकून बघितलं. ओळ अशी बसली होती की डॉक्टरनं बघितली असती तर पॉलिशलाच पाठवली असती.

लेकीनं आपले धनुर्धारी पलीकडच्या काठावर लावले, मास्तरांच्या डाव्या टोकासमोर, खोल पाण्याच्या पार. थोडे पायदळ पुलासमोर. आणि घोडेस्वार मास्तरांच्या उजव्या हाताला, उतारासमोरच्या ब्रशांच्या झाडीमागे.

"घोडे झाडीत काय करणार, पाला खाणार?" मास्तरांनी टोमणा मारला.

"त्यांनाही रविवार आहे बाबा."

पहिल्या पाळीला तिच्या धनुर्धाऱ्यांनी बाण सोडले. फासे पडले. डाव्या टोकाचा एक निळा शिपाई आडवा झाला. ओळीत फट पडली.

मास्तरांचा हात आपोआप गेला. शेजारचा शिपाई सरकवला, त्याच्या शेजारचा त्याच्या जागी, त्याच्यानंतरचा त्याच्या. अशी सगळी ओळ डावीकडे कणाकणानं सरकली आणि शेवटी टेकडीवरचा एक भालेवाला खाली उतरून ओळीच्या शेपटाला लागला. फट बुजली. मास्तरांच्या जिवात जीव आला.

पुढच्या पाळीला परत बाण. परत एक पडला. परत ओळ सरकली. टेकडीवरून आणखी एक खाली आला.

कप्तानाला मधूनच खोकला लागला. पंचानं बोलायचं नसतं, म्हणून तो खोकायचा. पण मास्तरांना त्याचा खोकला ऐकूच आला नाही. ते ओळीवर बोट फिरवून बघत होते, कुठं पुढेमागे तर नाही ना. "बघ," लेकीला म्हणाले, "किती मार, ओळ तुटायची नाही."

"दिसतंय ना," ती म्हणाली. तिनं पुलावर थोडं पायदळ पाठवून धक्काबुक्की केली, दोघे गमावले आणि मागे घेतले. घोडे झाडीतच.

"तुझी निम्मी फौज झोपली आहे, पोरी."

"उठवते सावकाश."

असं चाललं. उन्हं खिडकीतून बाकावरच्या जबड्यांवर आली, मग मेजावर. डावीकडे शिपाई पडत राहिले, मास्तर फट भरत राहिले. कुणी येऊन ओळीवर आदळत नव्हतं, त्यामुळे ओळ अगदी शाबूत होती. ती शाबूत ठेवायला प्रत्येक पाळी खर्ची पडत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दुसरं काही करायची त्यांना सवडच मिळाली नाही.

टेकडीवरचा शेवटचा भालेवाला उतरला त्या पाळीला लेकीनं टेप उचलला. झाडीपासून उतारापर्यंत लावला. मग घोडे एकेक करून उचलून पाण्यात ठेवले. पुढच्या पाळीला ते मोकळ्या टेकडीवर होते. त्याच्या पुढच्या पाळीला पुलाच्या मागच्या तोंडाशी, मास्तरांच्या सगळ्या ओळीच्या पाठीमागे. निळी फौज नदीकडे तोंड करून, ताठ, एकसारखी, छाती काढून उभी होती आणि पूल गुलाबी झाला होता.

"बस," कप्तान म्हणाला.

मास्तर बघत राहिले. मग म्हणाले, "फासे. फासे आज तिच्या बाजूनं होते."

त्यांच्या त्या मेजावर कप्तानाची एक रीत होती, ती जहाजावरून आलेली की त्याच्या स्वतःच्या डोक्यातली, कोण जाणे. डाव संपला की जिंकलेल्यानं तोंड बंद ठेवायचं. फुशारकी नाही, शिकवणी नाही. हरलेल्यानं मात्र शिपाई उलटे मागे नेत नेत दाखवायचं, आपण कुठे हरलो ते. चुकीच्या जागी बोट ठेवलं तर जिंकलेल्यानं फक्त मान हलवायची. खरी जागा सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. आजवर ह्या उलट्या मांडणीला बहुतेक कप्तानच बसायचा, आणि मास्तर समोर मान हलवत मजा बघायचे.

"बस की आता," कप्तान म्हणाला. त्याला फार दिवसांची भरपाई मिळत होती. "फासे म्हणालास. काय गं सुरीबाई, फासे?"

लेकीनं मान हलवली. नाही.

मास्तरांनी घोडे पुलावरून उचलून टेकडीवर नेले. "इथे. इथे घोडे दिसले तेव्हा मी मागे वळायला हवं होतं."

मान हलली. नाही.

घोडे पाण्यात नेले. "इथे. उतारावर दोन माणसं तरी पाहिजे होती."

मान हलली. मास्तर चिडले. "मग काय झाडीत? झाडीत बसलेल्या घोड्यांना मी काय करणार?"

मान हलली. ती हसत नव्हती. तिला हसू येत असतं तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

आता मास्तर एकेक पाळी मागे न्यायला लागले. आडवे पडलेले निळे शिपाई उचलून उभे करायचे, ओळ उजवीकडे परत सरकवायची, एक भालेवाला परत टेकडीवर चढवायचा. मग वर बघायचं. मान हलायची. परत एक उभा करायचा, एक चढवायचा. टेकडी हळूहळू भरायला लागली. आपण किती माणसं तिथून काढून आणली ते त्यांना हातानं कळायला लागलं, कारण प्रत्येकाला उचलून परत ठेवावं लागत होतं.

शेवटी पहिली पाळी आली. एकच शिपाई पडलेला, डाव्या टोकाला. ओळ अजून सरकलेली नाही. एक फट. मास्तरांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं.

लेकीची मान हलली नाही.

मास्तर फटीकडे बघत बसले. फटीच्या पलीकडे खोल पाणी होतं. हत्ती बुडेल इतकं. कप्तानानं सांगितलं होतं आणि आपण 'कळलं' म्हणालो होतो. ह्या फटीतून कोण येणार होतं? माणूस नाही, घोडा नाही. दिवसभर उघडी टाकली असती तरी मुंगी आली नसती. आणि ती बुजवायला आपण टेकडी रिकामी केली.

"इथं कुणी येणारच नव्हतं," ते म्हणाले.

कप्तानानं खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली.

मास्तरांचं बोट अजून फटीवरच होतं. त्यांना कधीकाळची एक सकाळ आठवली. थोरला भाऊ घरी बसल्याची दुसरी सकाळ. काम तेव्हा इतकंही नव्हतं. डॉक्टर म्हणालाही होता, सावकाश होऊ द्या, घाई नाही. पण खिडकीजवळ कुणी नाही हे मास्तरांना बघवेना, म्हणून ते घरी गेले आणि चित्रांचे कागद पसरून बसलेल्या पोरीला उठवून घेऊन आले. ती येताना बोटांचा रंग फडक्याला पुसत आली होती. तेव्हा ते त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं, एवढंच.

दारात बायको उभी होती. "झालं का तुमचं? की अजून मेलेल्यांना उठवायचं राहिलंय?"

"झालं," मास्तर म्हणाले. मग लेकीकडे न बघता, त्या पडलेल्या शिपायाला उचलून डब्यात टाकत म्हणाले, "उद्या सांग त्यांना. येते म्हणून."

जिंकलेल्यानं बोलायचं नाही, ही रीत लेकीनं पाळली. तिनं नुसता टेप गुंडाळायला घेतला, आणि तो तिच्याच्यानं गुंडाळवेना. चार वेळा बोटातून सुटला.

"हात बघ सुरीबाईचा," कप्तान म्हणाला. "आणि ही लोकांना नाकं करून देणार."

मग मात्र सगळे हसले. मास्तर जरा उशिरा हसले, पण हसले.

"ती गेल्यावर," मास्तर लगेच म्हणाले, "त्या सुताराच्या पोरीला विचारू या. तिचाही हात बरा आहे. उद्याच जाऊन..." आणि मधेच थांबले. समोर मेजावर ती निळी ओळ होती, टोकाला फट असलेली. ते तिच्याकडे बघत राहिले. वाक्य पुरं केलं नाही.

लेक गेली त्या दिवशी मास्तर तिला गाडीत बसवून सरळ कारखान्यात आले. एका म्हातारीची खालची कवळी अर्धी राहिली होती. लेक करायची ते पॉलिशही आता त्यांनाच करायचं होतं. खिडकीजवळची मोटर त्यांनी आपल्या जागेपाशी ओढून घेतली आणि पहिल्याच कवळीला चाकानं त्यांच्या हातातून हिसडा दिला. कवळी भिंतीवर जाऊन आपटली. त्यांनी उचलून पाहिली, एक पुढचा दात उडाला होता. पुन्हा मेण तापवायला घेतलं. त्या आठवड्यात निम्मंच काम झालं.

डॉक्टर मागच्या दारानं आत आला, बाकावर साचलेल्या जबड्यांच्या रांगेकडे बघत. "मास्तर, असं कसं चालायचं? कुणाला तरी घ्या हाताखाली. जागा तर रिकामीच आहे."

मास्तरांचा एक हात कवळीवर, एक मोटरच्या बटणावर. रिकाम्या जागेकडे त्यांनी बघितलं. त्यांच्या बोटांना अजून तीच खाज होती. ती कधी गेली नाही, आजही नाही. फडताळातले कप ते आजही सरकवतात.

"नको," ते म्हणाले. "काम कमी पाठवा."

"अहो, लोक थांबतील होय? दात नाहीत त्यांना!"

"इतके दिवस नव्हते ना? आणखी आठवडाभर नसले तर काय होतंय? मऊ खातील," मास्तर म्हणाले, आणि डॉक्टरचं पुढचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मोटर चालू केली.